पृथ्वीच्या पोटातली सही

तुझ्या हातात एक पांढरा गोळा आहे असं समज. कलिंगडाएवढा, कागदाचा, आतून पोकळ. समोर टेबलावर बारा छापील पट्ट्या, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, संत्र्याच्या फोडींसारख्या. प्रत्येकीवर थोडा समुद्र, थोडी जमीन. पट्टीला खळ लाव, गोळ्यावर बसव, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी... अकरा लावून झाल्या की कळेल, बारावीसाठी उरलेली जागा केसभर कमी आहे नाहीतर केसभर जास्त. आधीच्या अकरा जणींच्या चुका बारावीला निस्तराव्या लागतात.

पृथ्वीगोल बनवणाऱ्या त्या कारखान्यात बारावी पट्टी फक्त एकीलाच जमायची. बोटाने अशी दाबायची की एकही बेट सुरकुतीखाली बुडत नसे. मूर्ती लहान, राग मोठा, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणत. सात वर्षं तिने तिथे जग चिकटवलं. मग शहरातल्या संग्रहालयाने तिला बोलावलं, की जुने, दीडशे-दोनशे वर्षांचे गोल दुरुस्त करायला या, आणि शाळेची मुलं आली की त्यांना दाखवा. लवंगीने एक तारखेला राजीनामा दिला. नेमणूकपत्रात लिहिल्याप्रमाणे महिनाभराची नोटीस. मालकांनी घाईत तिच्या प्रतीवर ‘राजीनामा मिळाला’ लिहिलं, खाली तारीख घातली, सही ठोकली.

दोन तारखेला ती कामावर आली, तर तिच्या टेबलाच्या जागी मालकांचा पुतण्या बसलेला.

“तुझं टेबल मागे हलवलंय,” मालक म्हणाले. कालपर्यंत ते तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. “लाकडाच्या शेडमध्ये. जाणाऱ्या माणसाला खिडकीजवळची जागा कशाला?”

लवंगी दाणदाण पाय आपटत मागे गेली. शेडमध्ये लेथ घरघरत होतं. एक उंच माणूस, तिथला कातारी, पाठमोरा उभा राहून पृथ्वीगोलाची बैठक कातत होता. त्याच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर लाकडाचा भुसा होता. तिने त्याला आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. पुढचे पुढे, मागचे मागे, असाच तिथला रिवाज.

“कुठे ठेवलंय माझं टेबल?”

त्याने लेथ थांबवलं. वळला. तिच्याकडे पाहून त्याने आधी स्वतःच्या भुवया पुसल्या.

“जिथे भुसा उडत नाही तिथे ठेवणार होतो. पण अशी जागाच नाही... म्हणून मग माझ्या जवळ ठेवलं. निदान उडाला तर कुणाचा उडाला ते तरी कळेल.”

“हसू नका. मी चिडलेली आहे.”

“दिसतंय. भुसा आपणहून बाजूला सरकतोय.”

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला.

पुढचे दिवस एकापेक्षा एक वाईट गेले. तिचा मऊ केसांचा कुंचला पुतण्याने घेतला. तिच्याशी बोलू नका असं पुढच्या बायकांना बजावण्यात आलं. आणि चहाची घंटा मागे ऐकूच येत नाही, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

“तुम्ही चहा कधी घेता?” तिने कातारीला विचारलं.

“कुणाला आठवण झाली तर.”

“किती वर्षं असं?”

“चार...”

“चार वर्षं! आणि तुम्ही गप्प?”

“मला वाटायचं, लाकूडकामाला चहा नसतो.”

लवंगी तरातरा पुढे गेली. पाच मिनिटांनी परत आली ती हातात घंटाच घेऊन. शेडच्या दारातल्या खिळ्याला तिने ती अडकवली. “आता ज्याला वाजवायची त्याने इथवर यावं.” त्या दिवसापासून चहा मागे आधी पोचू लागला. कातारीने कप तोंडाला लावला तो तिच्याकडे बघतच.

मग पालकसभा आली. लवंगी राहायची मोठ्या बहिणीकडे. बहीण दवाखान्यात परिचारिका, तिची त्या दिवशी दिवसपाळीची ड्यूटी. बहिणीची आठ वर्षांची मुलगी म्हणजे मुंगी. सतत कशात तरी नाक खुपसलेलं, म्हणून मुंगी. तिच्या शाळेत मावशीनेच जायचं ठरलं. लवंगीने अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

“नोटिशीवरच्या माणसाला रजा नसते,” मालक म्हणाले.

तिने नेमणूकपत्र टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की नोटिशीच्या काळातही कर्मचाऱ्याचं काम, जागा, रजा नि सवलती पूर्वीप्रमाणेच राहतील. खाली मालकांचीच सही.

“ते राहणाऱ्यांसाठी आहे.”

“राहणारा माणूस नोटीस कशाला देईल?”

मालकांनी रजा दिली नाही. लवंगी शेडमध्ये आली. तिने डबा पिशवीत कोंबला. “बस झालं. आत्ता निघते. ठेवा म्हणावं तुमची पृथ्वी.”

कातारीने लेथ बंद केलं. शेड एकदम शांत झाली.

“जा,” तो म्हणाला. “तेच हवंय त्यांना. उद्या संग्रहालयाने विचारलं, की लिहून देतील: काम टाकून पळाली. अनुभवपत्र नाही. मग संग्रहालय तुम्हाला घेईल?”

ती थांबली. ते खरं होतं. अनुभवपत्राशिवाय संग्रहालय तिला रुजू करून घेणार नव्हतं.

“रागाच्या भरात गेलात तर राग त्यांच्या कामी आला. राहिलात तर तुमच्या.” मग थोडं चाचरत – “आणि... शेडमध्ये आता सवय झालीय.”

“कशाची?”

“आवाजाची.”

“लेथच्या?”

लाकूड कातताना निघालेली एक लांब, कुरळी ढलपी उचलून त्याने तिच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावर अडकवली. “गेलेल्या दिवसांच्याही अडकवतो. मग रोज एक. महिन्याच्या शेवटी मोजू.”

लवंगी राहिली. मान ताठ, नाक वर. पालकसभेला मात्र मुंगी एकटीच गेली आणि बाईंना म्हणाली, “मावशी नोटिशीत अडकलीय. सुटली की येईल.”

पुतण्याला बारावी पट्टी शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात आलं, आणि ते तिने मनापासून केलं. विद्येशी तिचं भांडण नव्हतं. “ओला कागद ताणतो. ओढू नका, बसू द्या,” ती दहादा म्हणाली. पुतण्याने ओढलाच. पट्टी पट्टीवर चढली आणि निळ्या समुद्रातलं एक छोटं बेट साफ नाहीसं झालं. गोल टाकाऊच्या ढिगात गेला.

दुसऱ्या दिवशी तोच गोल तिच्या टेबलावर उभा होता, सागाच्या नक्षीदार बैठकीवर.

“तुमच्या भाचीला,” कातारी म्हणाला. “एक बेट कमी आहे. पण आठ वर्षांच्या माणसाला उरलेली पृथ्वी पुरेल.”

“एवढी नक्षी कशाला?”

“हात थांबेना...”

लवंगीचे कान लाल झाले. तिने गोल उगाचच दोनदा फिरवला.

खिळ्यावर एकोणतीस ढलप्या झाल्या तेव्हा मालकांनी तिला बोलावलं. टेबलावर कागद, चेहऱ्यावर गोडवा.

“तुझा राजीनामा मला पंधरा तारखेला मिळाला. महिना म्हणजे पुढच्या पंधरा तारखेपर्यंत. उद्या गेलीस तर काम टाकून गेली असंच लिहावं लागेल.”

“एक तारखेला दिला. तुम्ही सही करून दिलीत.”

“असं? दाखव.”

ती प्रत तिच्या टेबलाच्या खणात होती. आणि दोन तारखेला टेबल हलवताना पुतण्याने खण रद्दीच्या टोपलीत रिकामा केला होता. त्या कारखान्यात रद्दी विकत नसत. रद्दीच्या पट्ट्या फाडून, खळीत भिजवून, साच्यावर थरावर थर चढवत. त्याचेच अर्धे-अर्धे वाडगे होत, आणि दोन वाडगे जोडले की एक पृथ्वी. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी संग्रहालयात रुजू व्हायचं होतं. न झाल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावणार होते.

लवंगी घरी आली ती थेट खिडकीशी जाऊन बसली. डोळ्यांतलं पाणी रागाचं होतं, पण गालावरून ओघळताना तेही पाण्यासारखंच दिसत होतं. तेवढ्यात दार वाजलं. दारात कातारी, हातात तिचा विसरलेला डबा. केस विंचरलेले, पण कानाच्या पाळीवर भुसा तसाच.

“मी साक्ष देईन,” तो म्हणाला. “एकोणतीस ढलप्याही आहेत.”

“ढलप्यांवर तारीख असते का हो?” तिचा आवाज फाटला. “सात वर्षं मी त्यांचं जग नीट जोडलं. आणि मला ते एक कागद देत नाहीत. सही करणारा माणूस स्वतःचीच सही नाकारतो!”

कोपऱ्यातून मुंगी म्हणाली, “पण मावशीची सही तर पृथ्वीच्या पोटात आहे.”

दोघांनी वळून पाहिलं.

“मी माझ्या गोलाचा मधला दांडा काढला होता. आत काय असतं बघायला,” मुंगी आधी कबुली देऊन मोकळी झाली. “भोकातून बॅटरी मारली की दिसतं. आत सगळी फाटकी अक्षरं आहेत. एका पट्टीवर मावशीची सही. आणि शेजारी ‘मिळाला’.”

कातारीने भोकाला डोळा लावला. बराच वेळ. मग गोल हलकेच लवंगीच्या हातात दिला, आणि तिने पाहिलं. काळोखात, दक्षिण ध्रुवाच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली दोन बोटं रुंद पट्टी – ‘राजीनामा मिळाला’, एक तारीख, मालकांची लफ्फेदार सही. पलीकडे तिची स्वतःची.

“कापावी लागेल,” तो हळूच म्हणाला. “पण पृथ्वी हिची आहे. विचारायला हवं.”

मुंगीने गोल छातीशी धरला. पंधरा दिवस ती रोज त्यावर बोट फिरवून कुठे कुठे जायचं ते ठरवत होती.

“परत जोडाल?”

“मी जोडेन. पट्टी मावशी लावेल.”

“आणि बुडालेलं बेट?”

“ते मी काढून देईन,” लवंगी म्हणाली.

मुंगीने एकदा गोलाचा मुका घेतला आणि पुढे केला. कातारीने बारीक पात्याच्या करवतीने विषुववृत्तावरून पृथ्वीचे दोन भाग केले.

तिसाव्या दिवशी लवंगी काखेत दक्षिण गोलार्ध घेऊन कारखान्यात शिरली. पुढच्या बायकांचे कुंचले थांबले. मागून कातारी आला, आणि त्याच्यामागे लाकूडकामाची सगळी माणसं, जी आजवर पुढे कधी आलीच नव्हती. तिने तो वाडगा मालकांपुढे ठेवला.

“तुम्ही म्हणालात दाखव. वाका आणि बघा.”

मालक वाकले. स्वतःच्या सहीकडे बघत बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“अर्ध्या दिवसाची रजा माझ्या हक्काची होती, ती दिली नाहीत,” लवंगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “माझी जागा, माझा कुंचला, चहा, बोलणं – शेवटच्या दिवसापर्यंत सगळं माझं होतं. तुम्ही लिहून दिलं होतंत. जाणारा माणूसही जाईपर्यंत माणूसच असतो. आता अनुभवपत्र लिहा. आणि तारीख आजची घाला, पंधराची नको.”

पुढच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मग मालकांनी पेन उघडलं.

शेडमध्ये ती डबा घ्यायला आली, तर खिळ्यावर ढलप्या एकोणतीसच.

“आजची?”

“अडकवली नाही,” कातारी लेथकडे बघत म्हणाला. “मोजून संपवायला... मन होईना.”

रविवारी तो करवत नाही, खळीचं भांडं घेऊन आला. लवंगीने टोकाला नखाने उचलत बारावी पट्टी अलगद सोडवली होती. सुरकुतीखालून बेट बाहेर आलं होतं, जरा फिकट, पण होतं तिथेच. आता दोन अर्धे भाग जोडायचे होते.

“थांबा,” तो म्हणाला. त्याने कानामागची पेन्सिल काढली. उत्तर गोलार्धात डोकं घालून काहीतरी लिहिलं आणि वाडगा तिच्याकडे सरकवला. कानाच्या पाळ्या लाल, भुशाशिवाय.

तिने वाचलं. ‘सोमवारपासून शेडमध्ये घंटा ऐकू येईल, पण मला तुमचा आवाज हवाय. जन्मभर चालेल का? कातारी.’

लवंगीने कुंचला खळीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला...

“नोटीस किती दिवसांची?” शेवटी तिने विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेवढी.”

“आणि चिडायची मुभा?”

“पूर्वीप्रमाणेच राहील.”

ती खाली मान घालून हसत होती. मुंगीने तिच्या हाताखालून नाक खुपसून सगळं वाचलं. त्याची पेन्सिल घेतली, आणि त्या ओळींखाली जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर घोटत लिहिलं – ‘मिळाले’. पुढे त्या दिवसाची तारीख घातली. मग पेन्सिल मावशीपुढे धरली.

“इथे सही कर. नाहीतर उद्या हा म्हणेल, मी विचारलंच नव्हतं.”

मावशीने सही केली. मुंगीने ती नीट पाहिली, तारीख पुन्हा एकदा तपासली, दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर बसवले, आणि खळ वाळेपर्यंत पृथ्वीला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून बसून राहिली.