निळा न पडलेला कागद

शौचाच्या तपासणीचा कागद निळा पडला नव्हता. म्हणजे रक्त नाही, काळजी नाही. आणि तो म्हातारा आतड्याच्या कॅन्सरने गेला.

प्रयोगशाळेतल्या मुलीने नमुने बदलले, अशी त्याच्या मुलाची तक्रार होती. वरचे सगळे हात झटकून मोकळे झाले. मान अडकली पोरीची. आज खुलासा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

चौकशी अधिकारी बाई म्हाताऱ्याच्या घरी गेल्या. मुलगा आणि त्याची बहीण शेजारी-शेजारी बसले होते. दोघांपैकी कुणी अजून रडलं नव्हतं.

“बाबा काही गोळ्या घ्यायचे?”

“छे! गोळी दिसली की अंगावर यायचे,” बहीण म्हणाली. “व्हिटॅमिन सी चालू असेल तर आधी बंद करा, असं प्रयोगशाळेतली ती मुलगी म्हणाली होती. बाबा म्हणाले, मी कसलंच औषध घेत नाही. दादा रोज ताजा रस काढून द्यायचा, तेवढंच.”

ओट्यावर रसाचं यंत्र होतं. खोक्यातच, चिकटपट्टीही न काढलेलं.

बाईंनी विचारून फ्रीज उघडला. आत विकतच्या रसाच्या बाटल्या आणि चंदेरी पुड्या. लायपोसोमल व्हिटॅमिन सी.

“हे कोण घेतं?”

“मी,” मुलगा म्हणाला.

“एवढं महागाचं? साधी गोळी काय वाईट?”

त्याला तोंड फुटलं. “साधी बरीचशी वाया जाते. याला चरबीचं वेष्टण असतं, रक्तात जास्त चढतं. बाबांना तर आठवड्यात तरतरी...”

त्याने पुढे होऊन फ्रीजचं दार लावून टाकलं.

“नमुना कुणीच बदलला नाही,” बाई म्हणाल्या. “रक्त असलं की कागद निळा पडतो. पोटात भरपूर व्हिटॅमिन सी असलं, तर रक्त असूनही पडत नाही. बाबा खरंच बोलले. तुम्ही बाटलीतल्या रसात पुडी कालवत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रक्तात जास्त चढतं, मान्य. पण त्यांना ते हवं होतं का, हे कुठल्या डॉक्टरला विचारलंत?”

“भल्यासाठीच दिलं.”

“प्रयोगशाळेतल्या मुलीने विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात?”

“होतो. बाबा शेजारी होते. त्यांना कळलं असतं तर रसही सोडला असता. आणि पुडीने एवढं काय बिघडणार, असं वाटलं.”

“आणि तक्रार?”

“कुणाची तरी चूक असायला हवी होती.” त्याचा आवाज सपाट होता.

“वेळेत कळलं असतं तर वाचले असते?” बहिणीने विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही.”

बहीण उठली. कागद-पेन आणून तिने भावापुढे ठेवलं आणि बाईंच्या बाजूच्या खुर्चीत बसली.

“लिही दादा. त्या मुलीची चूक नव्हती. आणि कुणाची होती, तेही लिही.”