ओढ, सोड

पिकअपच्या हँडब्रेकची केबल सैल झाली होती, काम एवढंच. घरामागच्या उतारावर, पुढच्या चाकांना धोंडे लावून गाडी उभी होती. दादा गोणपाट अंथरून तिच्या पोटाखाली शिरला होता आणि धाकटी बहीण स्टिअरिंगपुढे बसली होती.

"मी ‘ओढ’ म्हणालो की दांडा वर ओढायचा, ‘सोड’ म्हणालो की सोडायचा. मधे वटवट नको, माझी बोटं अडकतील."

"आणि पाल दिसली तर?"

"तर पालीला सांग, दादा कामात आहे."

वारा सुटला तशी तिने काच वर केली. बाहेर अजून उजेड होता, पण केबिनमध्ये डिझेलचा आणि कसल्याशा ओल्या मातीचा वास कोंडून राहिला. दादाचा आवाज आता दांड्याच्या बुडाशी असलेल्या फटीतून येऊ लागला.

"ओढ."

दांडा नुसताच सैल वर आला.

"सोड."

मग बराच वेळ काहीच नाही. पान्याची खुडबुडही थांबली.

"ओढ…"

या खेपेला दांडा चांगला जड लागला. झालं बाई एकदाचं, तिला हायसं वाटलं. "सोड…" मग पुन्हा "ओढ…" दर वेळी आवाज थोडा हळू, थोडा जवळ. जणू तोंड फटीलाच लावलंय.

इतक्यात तिची नजर समोर गेली. उताराखालून दादा चढून येत होता. येऊन बरोबर बॉनेटपुढे थांबला, धापा टाकत.

"सोड…" फटीतून आवाज आला.

सोडलं आणि गाडी सुटली, तर दादा थेट चाकाखाली. तिने दोन्ही हातांनी दांडा कवटाळला.

"सोड ना…" आवाज आता लाडात आला होता.

"दादा, बाजूला हो!" ती किंचाळली.

तो दचकून बाजूला झाला आणि दार उघडून आत वाकला. "काय झालं? मागच्या बाजूने निघताना ओरडून सांगून गेलो की, केबल तुटली, नवी घेऊन येतो. ही बघ जुनी." विस्कटलेली तार त्याच्या एका हातात लोंबत होती, दुसऱ्या हातात नव्या केबलचं वेटोळं होतं. "दांड्याला खाली काही जोडलेलंच नाही. तू ओढत काय बसलीस?"

त्याने बोट लावलं, तसा दांडा लुळा पडला.

"खाली… कुणीतरी आहे."

"मांजर असेल."

"मांजर बोलतं?"

तो हसला. उजव्या चाकाचा धोंडा हातभर पुढे सरकला होता. "हा कुणी सरकवला?" असं पुटपुटत त्याने तो पायाने पुन्हा चाकाशी लोटला आणि गोणपाटावर आडवा झाला. ती धावत खाली उतरली, त्याचे दोन्ही घोटे धरून बसली.

"नको ना रे जाऊस…"

"अगं वेडे, पाच मिनिटांचं काम." बोलता बोलता तो खांद्यापर्यंत आत गेला.

पलीकडच्या चाकाजवळ खडी करकरली. गाडीखालच्या काळोखात कुणीतरी, त्याला जागा करून द्यायला, जरासं तिकडे सरकलं.