गोळी देणारा हात

यशोधरा वानखडे यांच्या पत्राला डॉ. केदार तगारे यांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र अमरावतीहून आलं होतं, हातानं लिहिलेलं. परिचिन बनवणाऱ्या कंपनीच्या मदतवाणीवर आता यंत्रच बोलतं आणि दर वेळी 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' एवढंच म्हणतं, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे, असं तिनं सुरुवातीलाच म्हटलं होतं. तिचे वडील वृद्धाश्रमात होते. स्मृती गेलेल्या लाखो म्हाताऱ्यांप्रमाणे तेही रोज सकाळी परिचिनची गोळी घेत. 'गोळी आश्रमाचे आचारी लापशीबरोबर देतात. बाबा त्यांचा हात धरून बसतात, त्यांना बाळ म्हणतात. मी गेले की म्हणतात, ताई बसा, कुणाला भेटायचंय? औषध चुकतंय, की त्यांनी मला मनातूनच काढून टाकलंय? औषध तुम्ही शोधलंत, तुम्हाला ठाऊक असेल.'

तगाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पण 'आचारी' या शब्दापाशी आल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी पत्राची घडी घातली, ती एका जाड पुस्तकात ठेवली आणि पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे त्यांचा हात सहज पोचत नसे, तिथे सरकवलं.

आपलं माणूस समोर आलं की मेंदूत एक रेणू पाझरतो. तगारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव आप्तिन ठेवलं होतं. चेहरा कुणाचा, नाव काय, हे मेंदू दुसरीकडे ठरवतो. आप्तिन फक्त एवढंच सांगतं की हे माणूस आपलं आहे. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी राखलेल्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. तिथे आप्तिन जाऊन बसलं की छातीतलं काहीतरी सैल होतं. काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन त्याचे तुकडे करतं. स्मृतिभ्रंशात आप्तिन थेंबभरच पाझरतं, विकर मात्र जुन्याच उत्साहानं काम करत राहतं. परिचिन हा या विकराचा रोधक. विकराच्या खाचेत तो नेमका अडकतो आणि तासभर त्याचं काम बंद पाडतो. तेवढ्या तासात तो थेंबही पुरतो, आणि त्या तासात लागलेला लळा दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत तरी टिकतो.

माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा एक पद्धत आपोआपच पडली होती. आपल्याकडे आजारी माणसाला औषध घरचंच कुणीतरी देतं. परक्यानं दिलेली गोळी हे रुग्ण थुंकूनही टाकत. म्हणून बायकोनं, मुलानं नाहीतर सुनेनं गोळी द्यायची आणि तासभर जवळ बसायचं, असं ठरलं. निकाल पाहून सगळे थक्क झाले. नवऱ्याला चोर समजणारी बाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपू लागली. ओळख परतली, असं सगळ्यांनी लिहिलं. नवऱ्याऐवजी एकदा पोस्टमनला शेजारी बसवून पाहू, हे कुणालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी तो निर्दयपणा वाटला असता.

तगाऱ्यांनी निवृत्तीनंतर मिरजेत घर केलं होतं. त्यांची बायको मुग्धा गेली काही वर्षं परिचिनवर होती. रोज सकाळी ते तिला गोळी देत, पाण्याचा पेला धरत आणि वर्तमानपत्र न उघडता शेजारी बसत. थोड्या वेळानं ती त्यांच्याकडे वळून म्हणे, "आलास? किती वेळ लावलास." जणू ते फार लांबच्या प्रवासाला गेले होते. तगारे म्हणत, "हो, आलो." लाजरा माणूस; त्यापुढे काय बोलावं ते त्यांना कधी सुचलं नाही.

मग त्यांना डेंग्यूनं गाठलं. उठून बसताही येईना. त्यांनी हुबळीला मुग्धाच्या धाकट्या बहिणीला, शलाकाला, फोन केला. आईच्या शेवटच्या आजारपणात शलाका आली नव्हती, तेव्हापासून मुग्धानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"दाजी, ताई मला घरात घेईल का?"

"तिला काही आठवत नाही, शलाका."

"तेवढं बरंय," असं म्हणून शलाका फोनवरच रडली, आणि संध्याकाळच्या गाडीनं आली.

मागच्या खोलीतल्या मच्छरदाणीतून तगाऱ्यांनी तिला सांगितलं, "सकाळी आठला गोळी दे. आणि..." ते अडखळले. "तासभर तिच्याजवळ बस. पाकिटावरही तसंच लिहिलंय."

ताप उतरल्यावर ते भिंत धरत पुढच्या ओसरीत आले. मुग्धा खुर्चीत बसली होती आणि शलाका तिच्या केसांना तेल लावत होती. त्यांना पाहताच मुग्धानं पाय आवरून घेतले, ओढणी नीट केली.

"या ना. कुणाकडे आलात आपण?"

"इथंच," तगारे म्हणाले.

"बसा. हिला चहा टाकायला सांगते. हिच्या हातचा चहा पांचट असतो, पण चालवून घ्या."

"ऐकलंत? नावं ठेवतेय मला!" शलाका आनंदानं म्हणाली. त्यांच्यामागोमाग ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "दाजी, ताईनं मला माफ केलं. गोळी दिली, जवळ बसले, तर माझ्याकडे वळून म्हणाली, आलीस? किती वेळ लावलास गं. आईच्या वेळचंच ना ते? मी आले नाही, त्याचंच ना?"

तगाऱ्यांनी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. गप्प बसणं सोपं होतं. पण त्यांना खोटं बोलणं जमत नसे. काही स्वभावामुळे, आणि बरंचसं ते वेळेवर सुचत नसे म्हणून.

"मलाही ती रोज हेच म्हणायची," ते म्हणाले. "गोळी दिली की."

"म्हणजे?"

"पंगतीत एखादा वाढपी फार उत्साही असतो बघ. जेवण व्हायच्या आत पान उचलतो. मेंदूत तसा एक आहे. आमची गोळी त्याला तासभर खाली बसवते, म्हणून पान समोर राहतं. पण ते वाढलं कुणी, हे गोळीला कळत नाही. तेव्हा जो समोर असेल, तोच घरचा."

शलाकानं गॅस बंद केला. "म्हणजे ताई मला ओळखत नाही."

"तू तिची आहेस, एवढं तिला अगदी खरं वाटतं. तू कोण, ते नाही."

"आणि माफी?"

"माफीचा रेणू आम्हाला सापडलेला नाही," असं ते म्हणून गेले, आणि हे थट्टेसारखं ऐकू गेलं म्हणून त्यांना फार वाईट वाटलं.

शलाकानं चहा गाळायला घेतला. मग तिनं मान वर केली. "मग इतकी वर्षं तुम्हाला आलास म्हणत होती, ते?"

"गोळी मीच देत होतो ना."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. अमरावतीहून एक पत्र आलं होतं, तेव्हापासून. खात्री करून घ्यायला नको वाटत होतं."

"संशय आल्यावर गोळी थांबवलीत?"

"नाही."

"का?"

तगाऱ्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. "गोळीच्या आधी ती दारामागे लपून बसायची, शलाका. स्वतःच्या घरात. आता सकाळी हसते. तिला कुणीतरी आपलं हवं होतं. ते मीच असावं, हा हट्ट माझा. तिचा नव्हता."

शलाकानं गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. "उद्यापासून तुम्ही द्या. बायको तुमची आहे."

"दिल्यावर दोन-तीन दिवसांत तुझा चेहरा पुसला जाईल."

"दोघांनी जवळ बसलं तर?"

"ते चाचण्यांतच दिसलं होतं. थेंब एका चेहऱ्यापुरताच असतो. ज्याच्या हातून गोळी, त्याच्याकडे जातो."

तगाऱ्यांनी पाकीट उलट तिच्याकडे ढकललं. "रविवारी जाणार आहेस ना? तोवर तूच दे."

"आणि तुम्ही?"

"मी पाहुणा. चहा पांचट मिळतो, पण मिळतो."

त्या आठवड्यात तगारे आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहिले. मुग्धा त्यांना आधी वाढायची, रोज गाव विचारायची. एकदा शलाकाला म्हणाली, आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाली, "गृहस्थ चांगले आहेत गं, पण जात का नाहीत? घरी कुणी वाट बघत नसेल का?" शलाकाला हसू आवरेना, आणि मग दोघी लहान मुलींसारख्या तोंडावर हात दाबून खिदळत राहिल्या. ओसरीच्या टोकाला बसलेल्या तगाऱ्यांनी ते सगळं पाहिलं. मुग्धाची मान शलाकाच्या खांद्यावर तशीच कलली होती, जशी त्यांच्या खांद्यावर कलायची. माया तेवढीच होती. जराही कमी असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

शनिवारी त्यांनी स्टुलावर चढून ते जाड पुस्तक खाली काढलं. उत्तराचे दोन कागद फाडल्यावर तिसऱ्यावर लिहिलं:

'तुमच्या वडिलांनी तुम्हाला मनातून काढलेलं नाही. औषधाला तुम्ही माहीतच नाही. ते माणूस ओळखत नाही, फक्त समोरच्याला आपलं करतं. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. कंपनीला मी वेगळं कळवतो आहे. रोज सकाळी तुम्ही स्वतः गोळी दिलीत आणि जवळ बसलात, तर काही दिवसांत ते तुमचा हात धरतील. त्याला ओळख म्हणायचं की नाही, हे मला सांगता येत नाही. माझ्या घरी जे मिळतं, ते मी हा प्रश्न न विचारता घेतो.

मात्र आधी त्या आचाऱ्यांशी बोला. ज्या दिवशी त्यांच्या हातून गोळी काढून घ्याल, त्या दिवसापासून त्यांना बाळ म्हणणारं कुणी राहणार नाही. त्यांचं चुकलेलं काहीच नाही. यावर औषध आमच्याकडे नाही.'

रविवारी दुपारी शलाकाची गाडी दाराशी आली. मुग्धा तिला सोडेना. "लवकर ये गं," म्हणत राहिली. शलाकानं तिचे हात हळूच सोडवले आणि तगाऱ्यांपाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "दाजी, तिला माझं नाव सांगत जा. लागू पडो न पडो."

गाडी वळली. मुग्धा फाटकापाशी डोळे पुसत उभी होती. तगाऱ्यांनी खिशातून पत्राचं पाकीट काढलं. कोपऱ्यावर टपालपेटी होती. तिला एकटं सोडून कसं जावं, हे त्यांना कळेना, आणि बरोबर चल म्हणण्याचा हक्क आज त्यांना नव्हता.

"टाकायचंय का ते?" तिनं विचारलं. "चला, मी येते कोपऱ्यापर्यंत. तुम्ही आजारी दिसता. पडाबिडाल कुठंतरी."

ते दोघं चालू लागले, मध्ये परक्या माणसांत असतं तेवढं अंतर ठेवून. उद्या सकाळी ते तिला गोळी देणार होते. दोन-तीन दिवसांत ती वळून आलास म्हणणार होती, ते हो म्हणणार होते, आणि हुबळीची बहीण या जगात आहे हे तिला पुन्हा कळणार नव्हतं.

"कुणाला लिहिलंय?"

"एका मुलीला. तिनं वडिलांबद्दल विचारलं होतं."

"लगेच दिलंत ना उत्तर?"

"नाही. फार उशीर केला."

"अरेरे," मुग्धा म्हणाली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिचे कुणीच नव्हते, आणि पेटीपाशी येऊनही त्यांनी पाकीट हातातच धरलं होतं. "द्या इकडे." तिनं पाकीट घेतलं, पत्ता डोळ्यांखालून घातला, ते पेटीत टाकलं, आणि कुठं अडकलं तर नाही ना, हे फटीतून वाकून पाहिलं.

"गेलं," ती म्हणाली, आणि परत येताना पायरी होती तिथे तिनं त्या अनोळखी म्हाताऱ्याचा कोपर धरला.