येतो म्हणालो होतो

चष्म्याची काडी तुटली, एवढंच निमित्त. एका परिसंवादासाठी चार दिवस त्या शहरात गेलो होतो. विषय तर्कशास्त्राचा, श्रोते अकरा, त्यांतले तीन झोपलेले. माझ्या निबंधात दम नव्हता, त्यामुळे झोपणाऱ्यांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या गल्लीत चष्म्याचं दुकान सापडलं. तुटका चष्मा काउंटरवर ठेवताना मी "अरे देवा" पुटपुटलो आणि दुकानातल्या बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "काका, हा चष्मा आहे की वारसाहक्कात मिळालेली इस्टेट?"

लग्न होऊन त्या इथे आल्या होत्या. नवरा आता नव्हता. दुकानावरची खोली भाड्याने द्यायची होती. मी घेतली. चार दिवसांचे तीन महिने झाले.

या वयात प्रेमात पडलो असं लिहिताना संकोच वाटतो, पण पडलो. त्या शहराच्या. ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटणारी हवा, उन्हात कडकड वाजणारे पत्रे, दुपारी सगळ्या झडपा बंद झाल्या की गल्लीभर पसरणारा भिजल्या लाकडाचा आणि नदीच्या गाळाचा वास. होडीत चढताना कुणीही अनोळखी माणूस दंड धरून मला आत ओढायचा. गोळ्या घेतल्या का, असं कुणी विचारत नव्हतं.

पहिल्याच दिवशी जिना उतरताना सवयीने मी म्हणालो, "येतो हं!"

बाईंच्या हातातली काच खाली पडली. "जातो म्हणा."

"अहो, असं कुणी म्हणतं का?"

"या जिन्यावरून उतरताना म्हणायचं."

मी हसलो. तरी पुढे रोज 'जातो' म्हणू लागलो. मला असं चटकन घाबरवता येतं.

महिनाभराने एका दुपारी खोलीत वाचत बसलो होतो. अडीच वाजले असतील. जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश... एकेक पायरी दाबत. गाळाचा वास एकदम दाट झाला. पावलं माझ्या दाराशी थांबली. मी श्वास धरून बसलो. मग, कुठून धीर आला कोण जाणे, दार उघडलं. कुणी नव्हतं. पायऱ्यांवर ओले ठसे होते. सगळे वर येणारे. खाली उतरणारा एकही नाही.

खाली बाई भिंग पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आले ना?"

"कोण?"

"आमचे हे. पंचवीस वर्षं झाली. 'येतो' म्हणाले आणि होडीत बसले. होडी उलटली... बोलल्याप्रमाणे येतात."

"तुम्ही दार उघडता?"

"पहिली काही वर्षं उघडलं. आत येत नाहीत. 'येतो' म्हणाले होते, 'बसतो' कुठे म्हणाले होते?" त्या हसल्या, आणि ते हसू मला पावलांपेक्षा जास्त थंड वाटलं.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. निघालो नाही. भीती वाटत होती, पण शहर सोडण्याची त्याहून जास्त वाटत होती.

शेवटी मुलगाच न्यायला आला.

"बाबा, पुरे झालं. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय. बाथरूम अगदी शेजारी."

"मला इथेच राहायचंय."

"आणि इथे काही झालं तर?"

"तिथे काही होणार नाही, याचीच मला काळजी आहे."

त्याने बॅग उचलली. माझ्या गुडघ्यांत त्याच्याशी झटापट करण्याइतकं बळ नव्हतं. तो गाडीत जाऊन बसला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो. खालून बाई हळूच म्हणाल्या, "काका... जातो म्हणा. शब्द दिलात तर सुटका नाही. मेल्यावरसुद्धा."

आयुष्यभर मी 'बहुधा', 'कदाचित', 'असे म्हणता येईल' याच शब्दांवर पोट भरलं. एक वाक्य ठाम लिहिलं नाही. या वेळी आवाज लटपटला नाही.

"येतो!" मी ओरडलो. "आणि बसतो! रोज!"

जिना करकरला. माझ्या खालची पायरी ओली झाली आणि दबली. कुणीतरी बाजूला सरकून मला वाट करून दिली.

आता दोन महिने मी मागच्या खोलीत आहे. खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. ऊन म्हणून येत नाही. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं नाही. दुपारचं जेवण झालं की झोप येते, इतकी गाढ, की हलवूनही उठत नाही म्हणे.

परवा बाईंचा फोन आला. "काका, दुपारी खुर्ची खिडकीशी ओढता ते ठीक आहे. जाताना जागेवर ठेवत जा हो."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काल सूनबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "बाबा, तुम्ही गच्चीवर जाऊन बसता का? मान केवढी रापलीय... आणि एकाच बाजूची."

मुलाने लगेच मलम आणून दिलं. मी लावत नाही.