लेक्सीची बदली

डंडी शहरात बायका तागाच्या गिरणीत राबतात आणि नवरे घरी चहाचं आधण ठेवतात. बाईला मजुरी कमी दिली तरी चालते, म्हणून मिसरूड फुटलं की पोराला नारळ मिळतो. याचं आता कुणाला काही वाटत नाही. वाटायला अंगात त्राण तर हवं.

युफी रॅट्रे यातलीच एक. मागापाशी उभं राहून कंबर धरलेली, छातीत तागाची धूळ बसलेली. लग्न न झालेली धाकटी बहीण लेक्सी तिच्याकडेच राहायची आणि शेजारचाच माग चालवायची. खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही, म्हणून विणकरणी हातवाऱ्यांनी बोलायच्या. लेक्सीचे हात तर सारखे वटवट करायचे. ऑक्टोबरात त्या धुळीनंच तिला खाल्लं.

टेकडीवरची जुनी दफनभूमी तेव्हा भरून गेली होती. शनिवारनंतर तिथं एकही मयत न्यायची नाही, असं पालिकेनं बजावलं होतं. त्या शनिवारी दोन मयती निघाल्या. एक लेक्सीची, दुसरी डूथी नावाच्या म्हाताऱ्या पाववाल्याची. युफीचं माहेर डोंगरातलं, तिकडची माणसं पक्कं मानतात की, जो शेवटचा आत जातो त्याला फाटकावर पहारा द्यावा लागतो. पुढचं माणूस आलं की त्याची सुटका. आता पुढचं माणूस येणारच नव्हतं.

"पाववाल्याच्या आधी आत जा," युफीनं नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं. बायका दफनाला जात नसत. सगळी भिस्त डेव्हीवर.

डेव्ही परतला तो मान खाली घालून.

"कोण आधी गेलं?"

"चढ फार गं, युफे. माणसं दमली. कोपऱ्यावर पेटी टेकली, एकेक घोट घेतला, तेवढ्यात ते पुढं..."

"घोट घेतलात."

"थंडी होती."

युफी भांडली नाही. भांडायलाही जीव लागतो. तिनं त्याच्यापुढचा चहा उचलला आणि मोरीत ओतला.

गिरणीची वाट त्या फाटकावरूनच जायची. सोमवारी सकाळी तिथं तिला वास आला. ताग मऊ करायला देवमाशाचं तेल लावतात, तो खवट वास गिरणीतल्या बाईच्या केसांतून मेल्यावरही जात नाही. आपल्याच शालीला येत असेल, असं म्हणून ती पुढं गेली. मग एकदा फाटकाच्या आतलं गवत दिसलं. एकाच जागी तुडवलेलं, दोन पावलांएवढं. आजूबाजूचं मात्र दंवानं पांढरं.

तिनं कबरी खणणाऱ्या सँडीला गाठलं.

"एखादं तरी माणूस येईल का हो आत? कुणीही."

"कुलूप पालिकेचं आहे, पोरी. पाद्रीसाहेबांनाही उघडता येत नाही."

"तुम्ही आत जाता ना?"

सँडीनं फाटकाकडं पाहिलंसुद्धा नाही. "जातो. मागच्या भिंतीवरून चढून. या वयात."

त्या संध्याकाळी गिरणी सुटल्यावर युफी फाटकापाशी रेंगाळली. उजेड अजून पुरता गेला नव्हता. गजांच्या पलीकडं लेक्सी उभी होती. विटकरी झगा, उघडे दंड, खाली उतरलेले खांदे. भूत पाहून माणूस पळतं म्हणतात. युफीला नुसतं रडू आलं, कारण पोरगी फार दमलेली दिसत होती.

लेक्सीचे हात हलले. 'बदली कधी येणार?'

युफीनं हातांनीच सांगितलं, 'येईल.'

'पाय गेले माझे.'

रोज संध्याकाळी तेच. घरी युफीला घास उतरेना. डेव्ही लापशी पुढं सरकवायचा, ती तशीच गार व्हायची. "तिकडून येत जाऊ नकोस," तो म्हणायचा. "गोदीकडनं ये."

"आणि तिला काय सांगू?"

तो चुलीकडं वळायचा.

गिरणीत एक रिवाज आहे. एखादीला घेरी आली की शेजारणीनं तिचाही माग सांभाळायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं सरकून उभं राहायचं. युफीनं तो जन्मभर पाळला होता. त्या शुक्रवारी गार वारा सुटला होता आणि लेक्सी फाटकाला टेकून लटपटत होती. युफीचं काळीज तुटलं. तिनं फाटक ढकललं. ते कुलूपबंद होतं, तरी उघडलं.

'जरा बस,' तिनं खूण केली. 'मी बघते.'

लेक्सी जागची हलेना. थंडीनं तिचे दात वाजत होते. युफीनं आपली शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली, तिला अलगद बाजूला केलं आणि त्या तुडवलेल्या गवतावर स्वतः उभी राहिली.

लेक्सी बसली नाही.

तिनं शाल डोक्यावरून नीट ओढून घेतली. युफीच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग फाटकाबाहेर गेली आणि उताराला लागली. सुट्टी झालेल्या पोरीसारखी झपझप.

युफीनं हाक मारली. आवाज फुटला नाही.

पाऊल उचलायला गेली. उचललं नाही.

फाटकातून तिचं घर दिसायचं. खिडकीत दिवा होता. शालवालीनं दार वाजवलं आणि डेव्ही चिमटा हातात घेऊनच बाहेर आला. वारा त्याच्याकडूनच येत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आलीस? चहा उकळून उकळून काळा झाला की."

तिनं त्याच्यापुढं हात नाचवून काहीतरी केलं. मुकादमाची नक्कल असावी.

डेव्ही हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "ये, आत ये, गारठलीस," म्हणाला, आणि तिच्यामागं दार लावून घेतलं.