कंठाचं हाड

कडी लावली ना? बसा. मध्ये बोलायचं नाही. मी एकदाच सांगतो.

माझा थोरला साडू मेडिकल कॉलेजात शिपाई होता. शरीररचनेच्या खोलीत. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे नसल्यासारखं. पण डोळे मिटून हातात हाड दिलं तरी कुठलं ते सांगायचा. माणसाची हाडं दोनशे सहा. ती तारेने जोडून सांगाडा उभा करणं हे त्याचं काम.

त्या मंगळवारी संध्याकाळी नवा सांगाडा जोडायचा होता. बुधवारी सकाळी परीक्षा. सगळं जुळलं, एक कंठाचं हाड सोडून. हनुवटीखाली बोट ठेवा. गिळा. वर सरकलं ना, ते. घोड्याच्या नालेसारखं असतं. त्याच्या आधारावर जीभ हलते, आणि दुसऱ्या कुठल्याच हाडाला ते जोडलेलं नसतं.

"आजोबा, माझं सरकतच नाही."

"तोंड बंद कर, मग सरकेल."

सांगाड्याचं ते हाड डावीकडे मोडलेलं होतं. गळा दाबला की असं मोडतं, हे साडूला ठाऊक होतं. सांगायला हवं होतं. पण हा हाडं बाहेर विकतो असा विभागाच्या मुख्य मॅडमना आधीच संशय. "यापुढे एक जरी हाड कमी किंवा मोडकं निघालं, तर घरी बसा," म्हणाल्या होत्या. पेन्शनला चार महिने राहिले होते. त्याने मोडकं हाड कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खणातलं एक सुटं, धड हाड काढलं आणि तांब्याच्या तारेचे तीन वेढे देऊन बांधलं. जोडीच्या शिपायावर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून आतून कडी लावून तिथेच बसला.

पावणेदोनला टक् असं वाजलं. हाड जमिनीवर. तारेचे तिन्ही वेढे जसेच्या तसे.

खिडकी पाहिली. बंद. कपाटामागे पाहिलं. "मस्करी पुरे झाली," म्हणाला. कोणी नव्हतं. पुन्हा बांधलं.

दोन वाजता पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा बांधलं नाही. हाड खणात ठेवलं. स्टुलावर बसला.

मग आवाज आला. गिळल्याचा. सांगाड्याकडून. तिथे गिळायला होतं काय...

पुन्हा आला. जवळून.

मग त्याने स्वतःच गिळलं. गिळायचं नव्हतं त्याला. तरी...

सकाळी मॅडमनी हाडं मोजली. दोनशे सहा. सगळी धड. कंठाचं हाड जागेवर, तीन वेढ्यांत. "ठीक," म्हणाल्या. नोकरी वाचली.

त्या गेल्यावर साडूने खण उघडला. सुटं हाड खणातच होतं. कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. मोडकं तिथे नव्हतं. मी त्याचा डबा घेऊन दारात आलो होतो. मला हाक मारायला गेला... आवाज फुटेना.

पुढे आवाज घोगरा परतला, पण गिळताना दुखायचं, म्हणून आठवड्याने गळ्याचा एक्स-रे काढला. मी सोबत होतो. डॉक्टरने फिल्म उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"यांचा गळा कोणी दाबला होता?"

"कोणी नाही."

"हे मोडलेलं जुनं आहे. फार जुनं." त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

साडूच्या गळ्याला जन्मात कोणी हात लावला नव्हता. ती फिल्म माझ्या ट्रंकेत आहे. हाड डावीकडेच मोडलेलं आहे.