मागे सरकणारी गुठळी

दुपारी बाराच्या सुमाराला तिने वडिलांच्या रक्ताची नळी घेतली, लेबल दोनदा वाचलं आणि पंपाला जोडली. “घरच्याचा नमुना दुसऱ्या कुणाला द्या,” असं प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले होते. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

वीस वर्षं ती प्रयोगशाळेत हेच करत आली होती. काचेतल्या केसाएवढ्या वाटेतून रक्त सोडायचं, वेग वाढवत न्यायचा आणि पडद्यावर प्लेटलेट पाहायच्या. रक्त संथ असलं की त्या निवांत वाहत जातात. वाट अरुंद झाली, रक्त भिंतीला घासत धावू लागलं, की भिंत धरतात, मग एकमेकींना धरतात आणि गुठळी होते. वडिलांच्या मानेतली धमनी अशीच अरुंद झाली होती. उद्या सकाळी शस्त्रक्रिया होती आणि रक्त पातळ करणारं औषध किती द्यायचं ते या तपासणीवर ठरणार होतं.

गुठळी झाली. नेहमीच्याच जागी, अरुंद भागाच्या जरा पुढे.

मग ती सरकली. मागे, प्रवाहाच्या उलट.

तिने नळ्या तपासल्या. स्वतःच्या बोटाचं रक्त लावून पाहिलं. ते शहाण्यासारखं वागलं. पुन्हा वडिलांचं लावलं. पुन्हा मागे. तिने वेग दुप्पट केला, तशी गुठळी दुप्पट नेटाने चढू लागली.

साहेब आले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“नमुना खराब आहे. तसं लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“खराब कसा? सकाळी मीच काढलाय.”

“अहो, हे असलं लिहिलंत तर लोक वेड्यात काढतील.”

“काढू देत. सही माझी आहे.”

“नोकरीवर बेतेल, बाई.”

“बेतू दे. खोटं लिहून मी माझ्या बापाला टेबलावर झोपवणार नाही.”

साहेबांनी रागाने पंप शेवटच्या आकड्यावर नेला. गुठळी थबकली. थरथरली.

आणि वर चढत पंपाच्या नळीत शिरली.

पंप गुरगुरून बंद पडला.

“दुसरा नमुना आणा,” साहेब हळूच म्हणाले. त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते.

तिने जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं, खाली ठसठशीत सही केली आणि दोन मजले चढून वॉर्डात गेली. वडील पलंगावर ताठ बसले होते. कपाळावर घाम होता, पण चेहरा कुस्ती मारून आल्यासारखा.

“परत टोचणार?”

“हो, बाबा.”

“टोच. पण त्यांना सांग, मी हलायचा नाही.”

“कुणाला?”

“बारा वाजल्यापासून ढकलतायत मला. मघाशी तर सगळा जोर लावला.” ते हसले. “मीही काही कमी नाही.”

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. त्यांचा हात मांडीवर घेतला. मनगटाजवळची शीर एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने कोपराकडे पुसत रिकामी केली. खालचं बोट उचलेपर्यंत ती रिकामीच राहते. शिरेतलं रक्त हाताच्या बोटांकडून वर जातं, आतल्या झडपा त्याला वरून खाली येऊ देत नाहीत. हजारो हातांवर तिने हे पाहिलं होतं.

बोट तिने उचललं नव्हतं.

शीर कोपराकडून भरू लागली. सावकाश खाली आली, तिच्या बोटापाशी थांबली आणि आतून ढकलू लागली.